नॉनस्टिक पॅन लवकर का जातो? या चुका टाळा

महिन्या-दोन महिन्यांपूर्वी पॅन घेऊन गेलेलं गिऱ्हाईक पिशवी घेऊन परत दुकानात शिरलं, की आत काय असणार ते मला बहुतेक वेळा आधीच कळतं. मध्ये पांढुरका पडलेला, कडेनं तपकिरी चिकट झालेला पॅन. आणि सोबत ठरलेलं वाक्य: "मामा, माल खराब निघाला बघा." बेळगावात भांड्याच्या दुकानात बसून हे इतकं ऐकलंय, की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी अपेक्षा जागेवर आणू. रोजच्या वापरात बऱ्यापैकी जाड, चांगला नॉनस्टिक पॅन दोन-तीन वर्षं नीट चालतो. पातळ, स्वस्तातला त्याच्या निम्मा. त्यानंतर तो चिकटायला लागला तर त्यात फसवणूक काही नाही, त्या वस्तूचा जीवच तेवढा. पितळी पातेल्यासारखा तो सुनेला देता येत नाही. पण जे पॅन पावसाळ्यात घेतले आणि दिवाळीच्या आत गेले, ते आपोआप जात नाहीत. घालवले जातात, आणि बहुतेक वेळा आचेनं. लोक ओरखड्यांना घाबरतात, लाकडी उलथणं आठवणीनं मागून घेतात आणि घरी जाऊन गॅस फुल्ल करतात.

नॉनस्टिकवर भाकरी

ही माझी दुखरी नस आहे, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या जिल्ह्यात पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडे तांदळाची भाकरी, पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे जोंधळ्याची रोट्टी. घर मराठी असो वा कानडी, तवा रोज कडक तापणारच. खानापूरकडच्या एका गावातल्या सासू-सुना एकदा बाजाराच्या दिवशी नॉनस्टिकचा सपाट तवा परत घेऊन आल्या. थोड्याच आठवड्यांपूर्वी आमच्याकडूनच नेलेला. मधोमध चार-पाच फोड आलेले, त्यांच्याभोवती जळलेल्या पिठाचं कडं. एका फोडाला नख लावलं तर कोटिंग कांद्याच्या पापुद्र्यासारखं उठून आलं. खाली उघडं ॲल्युमिनियम.

"ह्याच्यावर काय काय करता वैनी?"

"आंबोळ्या ओ. कधीतरी आमलेट. तरी चिकटूलालंय."

"भाकरी?"

सून गप्प. सासूबाई मात्र सरळ मनाच्या. "मग भाकरी कुठं करायची? हा नवीन आल्यापास्नं बिडाचा तवा माळ्यावर टाकलाय की."

आता यात काय होतं ते बघा. नॉनस्टिकचं कोटिंग म्हणजे पीटीएफई, ज्याला आपण सगळे टेफ्लॉन म्हणतो. अमेरिकेत ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना ते 1938 मध्ये दुसरंच काही करताना सापडलं. ॲल्युमिनियमच्या पॅनवर ते बसवायचं फ्रान्समधल्या मार्क ग्रेग्वार यांनी जमवलं आणि 1956 मध्ये टेफाल कंपनी निघाली. म्हणजे ज्यांच्या स्वयंपाकघरात भाकरी नावाची गोष्टच नव्हती, त्यांनी अंडी आणि मासे डोळ्यांसमोर ठेवून केलेलं हे भांडं. साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचं कोटिंग कमजोर व्हायला लागतं, 327 ला वितळतं आणि 350 च्या पुढे त्याचं विघटन होऊन विषारी वाफा सुटतात. भाकरीला तवा कडक लागतो. तेल नसतं, त्यामुळे जास्त तापला हे सांगणारा धूर नाही. एक भाकरी उतरवून दुसरी थापेपर्यंत रिकामा तवा मोठ्या आचेवर तसाच. वर भाकरीवर पाणी फिरवताना ओघळ कडेनं त्या तापलेल्या कोटिंगवर. असं रोज, दोन्ही वेळेला. फोड नाही येणार तर काय?

तवा बदलून दिला नाही. सासूबाईंना पटलं, सुनेला नाही. "बिडाच्या तव्याला गंज येतोय ओ," ती म्हणाली. गंज येतो, कारण घासून ओलाच उपडा घालतात. धुतला की गॅसवर मिनिटभर कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं, झालं. आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांमध्ये रात्रंदिवस बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं जातं, त्यावर या गावातली निम्मी घरं उभी राहिली, आणि आमच्याच लोकांना बिडाच्या तव्याची भीती! भाकरी, जोंधळ्याची रोट्टी, फुलका, पापड, चटणीसाठी शेंगा आणि सुक्या मिरच्या भाजणं ही सगळी लोखंडाची, बिडाची कामं. नॉनस्टिकला आंबोळी, घावन, ऑम्लेट, धिरडं, माशाचे तुकडे, परतलेलं पनीर द्या. घरात दोन्ही तवे ठेवा, दोघंही जगतील.

रिकामा पॅन तापवत ठेवणं

वरच्याच चुकीची धाकटी बहीण. गॅस लावला, पॅन ठेवला आणि मग कांदा चिरायला घेतला. पातळ पॅन मोठ्या आचेवर रिकामा असेल तर काही मिनिटांत 260 ओलांडतो. कांदा चिरून होईपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं, दिसत मात्र काही नाही. दिसतं महिन्यानं.

थर्मामीटर घ्या असं मी कुणाला सांगत नाही. माझी सवय सांगतो. तेल किंवा लोणी थंड पॅनमध्ये आधी घालायचं, मग गॅस पेटवायचा, तोही लहान बर्नर, मध्यम आच. लोणी फेसाळून शांत झालं की पॅन तयार. लोणी तपकिरी व्हायला लागलं तर आच कमी. रिफाइंड शेंगदाणा तेल 230 च्या आसपास धूर सोडतं, म्हणजे नॉनस्टिकमध्ये तेलाचा धूर दिसला तर तुम्ही सीमेवर पोचलाय असं समजा. आपल्याकडे सीमेचा विषय निघाला की लोक लगेच जागे होतात, इथंही व्हावं. ज्योत पॅनच्या बुडाबाहेर येता कामा नये. बाहेर आली की कडेचं कोटिंग आणि हँडल दोन्ही भाजतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार-मार्गदर्शनात तर 170 अंशांच्या पुढेच सावध व्हायला सांगितलंय. तेवढं काटेकोर रोज जमेलच असं नाही, पण मध्यम आचेला पर्याय नाही एवढं त्यातून घ्यावं. आणि घरात लव्हबर्ड्स असतील तर पिंजरा स्वयंपाकघरात अजिबात नको. फार तापलेल्या टेफ्लॉनच्या वाफेनं पाखरं मरतात, हे पक्कं माहीत असलेलं आहे.

"कोटिंग गेलं" म्हणून टाकून देणं

आता उलटी चूक. इंजिनिअरिंगला शिकणारा, खोली घेऊन राहणारा एक मुलगा नवा पॅन घ्यायला आला. जुना कुठाय विचारलं तर म्हणाला, टाकणार आहे, अंडं सोडतच नाही. म्हटलं घेऊन ये. आणला. कोटिंग सगळं जागेवर, एक ओरखडा नाही, फक्त वर पिवळट-तपकिरी साय. बोट फिरवलं तर किंचित चिकट.

हा तेलाचा राप. तेलाचा पातळ थर पुन्हा पुन्हा तापला की तो घट्ट होऊन बसतो, नुसत्या साबणाच्या पाण्यानं निघत नाही. आणि तो बसला की खालचं टेफ्लॉन शाबूत असूनही अन्न टेफ्लॉनला शिवतच नाही, त्या रापाला चिकटतं. पोरगं रोज पॅन नुसता कागदानं पुसून ठेवायचं. कुठल्यातरी रीलमध्ये बघितलं होतं म्हणे, नॉनस्टिकला साबण लावू नये.

दुकानातच कोमट पाणी, भांड्याचा साबण घालून भिजत ठेवला. मग खायच्या सोड्याची पाण्यातली पेस्ट लावून मऊ स्पंजानं गोल गोल घासला. घाई केली नाही. मधल्या वेळात दोन गिऱ्हाइकं झाली. पुन्हा धुतला, पुन्हा पेस्ट. तपकिरी पाणी निघत राहिलं आणि खालचा काळा, गुळगुळीत तळ वर आला. नवा पॅन विकायचा राहिला, पण तो मुलगा पुढं कुकर घ्यायला आमच्याकडंच आला.

तेव्हा पॅन चिकटतोय म्हटल्यावर आधी बोटानं बघा. चिकट, पिवळट थर असेल तर सोड्यानं सुटतो. खाली चंदेरी धातू दिसतोय, फोड आलेत किंवा कोटिंग भुकटी होऊन सुटतंय, तर ते गेलं. त्याला औषध नाही.

रीलचा विषय निघालाच आहे तर: मीठ जाळून पॅन "रिकव्हर" करायचा जो उपाय फिरतोय, तो लोखंडी डोसा तव्याचा आहे. नॉनस्टिकमध्ये कोरडं मीठ मोठ्या आचेवर भाजणं म्हणजे उरलंसुरलं कोटिंग स्वतःच्या हातानं घालवणं. मिनिटभराच्या व्हिडिओत दोन वर्षांचा पॅन नवा होत नाही. एवढी घाई असणाऱ्यांनी स्टीलची कढई घ्यावी आणि हवी तशी घासावी.

तापलेल्या पॅनवर गार पाणी

डोश्याच्या गाडीवर अण्णा तव्यावर पाणी मारतो, चर्रर्र आवाज येतो, खराट्यानं झाडून पुढचा डोसा. बघायला झकास. पण त्याचा तवा जाडजूड लोखंडाचा. तुमचा पातळ ॲल्युमिनियमचा पॅन असा गार पाण्याखाली धरला तर बूड वाकतं. एकदा वाकलं की तेल मधून पळून कडेला जमतं, आंबोळी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. ओळखायचं कसं? कडप्प्याच्या ओट्यावर पॅन ठेवून हँडलला टिचकी मारा. गरगर फिरला तर बूड फुगलंय. गॅसवर अजून थोडे दिवस ढकलता येईल, इंडक्शनवर फार त्रास देईल. पॅन हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, मग नळाखाली. जेवायला बसा, तोवर होतो गार.

बाकीच्या चुका सगळ्यांना माहीत असतात, तरी करतात:

तारेची घासणी, राख, काथ्या: नाही म्हणजे नाही. कामवाल्या मावशींना हे स्वतः सांगा, त्यांना कोण सांगतं? मऊ स्पंज हातात द्या.

पॅनमध्येच सुरीनं ऑम्लेट कापणं. ताटात घ्या की.

एकात एक पॅन रचून ठेवणं. मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा घालावा.

चिंच-टोमॅटोची भाजी किंवा मिठाचं काही रात्रभर पॅनमध्येच राहू देणं. जिथं बारीक ओरखडा असतो तिथून आंबट-खारट आत शिरतं, धातूला खातं आणि कोटिंग खालून सुटतं.

इंडक्शनसाठी घेताना बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर चालेल, नाही तर नाही. विक्रेत्याच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

"ग्रॅनाइट" लिहिलेलं बघून जास्त पैसे मोजणं. त्यात दगड नसतो. बहुतेक वेळा तेच टेफ्लॉन असतं, वर ठिपके. सिरॅमिक कोटिंग मात्र खरंच वेगळं. जास्त उष्णता सोसतं, पण गुळगुळीतपणा सहसा टेफ्लॉनच्या आधी जातो. रंगाला आणि नावाला पैसे देण्यापेक्षा जाडीला द्या. हातात घेतल्यावर पॅन जड वाटला पाहिजे. जाड बुडाला उष्णता सारखी पसरते आणि तो एका जागी भाजत नाही.

आता तो प्रश्न, जो लोक आवाज खाली करून विचारतात: कॅन्सर होतो का ओ? ज्याबद्दल सगळी ओरड झाली ते पीएफओए नावाचं रसायन कोटिंग तयार करताना वापरलं जायचं. 2019 मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराखाली जगभर ते बंद करायचं ठरलं. पॅनवरचं पीटीएफई हे वेगळं. त्याचा कण चुकून पोटात गेला तर पचत नाही, तसाच बाहेर पडतो. म्हणून एखाद्या ओरखड्यानं झोप उडवून घेऊ नका. धूर येईपर्यंत तापवलेला पॅन त्यापेक्षा जास्त वाईट. पण कोटिंगचे पापुद्रे जेवणात यायला लागले तर मात्र तो पॅन ठेवू नका. "थोडे दिवस वापरू" असं म्हणून गावी आईकडं पाठवून देणारी लेकरं मी बघितलीत. आईनं काय पाप केलंय?

हँडलचा स्क्रू सोडवा, हँडलचं बेकलाइट (कडक प्लास्टिक) वेगळं करा आणि खालचं ॲल्युमिनियम भंगारात द्या, किलोवर भाव मिळतो.