तंबोऱ्याच्या तारा बदलायच्या असतील तर आधी मणी मोजा

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात गुरुजींच्या मागे तंबोऱ्यावर मी बसले होते आणि तंबोरा सुरात नव्हता. गुरुजी विलंबितात शिरलेले, आणि जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन सारख्या तारांमधून लाट उठतेय. त्यांनी एकदा मागे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. तिसऱ्या वेळी गाणं थांबवून तंबोरा स्वतःकडे ओढून घेतला. आदल्या रात्री चारही तारा मीच बदलल्या होत्या आणि जोडाच्या दुसऱ्या तारेत सूर बारीक जुळवणारा मणी ओवायचा राहिला होता. लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तार खुंटीवर चढून सुराला आली होती. म्हटलं, राहू दे, खुंटीनेच जमवू. खुंटीने जमत नाही. सभागृहात सगळ्यांदेखत ते कळलं.

तेव्हा तयारीची सुरुवात मण्यांपासून. चार तारा, चार मणी, आणि डबीत दोन जादा. खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची तार जाड असते, तिच्या मण्याचं भोक मोठं हवं. आत्ताच ओवून पाहा. जुनी तार काढताना मणी घरंगळतो आणि कपाटाखाली जातो, म्हणून खाली चादर अंथरूनच बसा.

बाकी सामान थोडं आहे. पक्कड, तार कापायची कात्री, खडू, जवारीसाठी सुती दोरा (घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, आणि तिच्यावर तार झणझणून आवाज खुलतो ती जवारी), पेन्सिल, कोरडं फडकं. नेलकटरने तार कापू नका, धार जाते आणि टोकही वेडंवाकडं राहतं. तारेचं सुटलेलं टोक उसळून डोळ्यात जाऊ शकतं. चष्मा असेल तर घाला, नसेल तर तोंड लांब ठेवा. आणि मणी. मघाशी मोजलेत ना?

तारा घेताना दुकानात नुसतं ‘तंबोऱ्याच्या तारा द्या’ असं म्हणू नका. तंबोरा पुरुषी की बायकी आणि कोणत्या पट्टीत लावणार, हे सांगा. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) लावायच्या तारा काळी चारला चढवल्या तर पोलादाची तार ताण खाऊन तुटते, आणि उलट केलं तर ती इतकी सैल राहते की जवारी बोलतच नाही. आमच्या पुरुषी तंबोऱ्याला, काळी एकसाठी, जोडाला ०.३० मिलिमीटर पोलाद, पंचमाला ०.३५ पोलाद आणि खर्जाला ०.५५ पितळ लागतं. तुमचा तंबोरा वेगळा असेल, त्याची दांडी लांब-आखूड असेल; तेव्हा जुन्या तारेचा तुकडा जवळ ठेवा आणि तोच दाखवा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुठल्याही दुकानात असा तुकडा हातात दिला की पुढे काही बोलावं लागत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कारागिरांच्या हातांसाठी मिळालं असं मी मानते. जोडाच्या दोन्ही तारा एकाच रिळातल्या घ्या. वेगवेगळ्या रिळांतल्या तारा सुरात आल्या तरी आवाजाला वेगळ्या लागतात.

कधी बदलायच्या? आदल्या रात्री नाही. कार्यक्रमाच्या निदान पाच दिवस आधी. नवी तार पहिल्या रात्रीत उतरते, दुसऱ्या रात्रीत कमी उतरते, चौथ्या दिवशी जागेवर राहू लागते. हे उतरणं तीन ठिकाणांहून येतं: लंगोटाजवळचा (खालच्या टोकाला तारा अडकवतात तो लंगोट) फास आवळतो, खुंटीवरचे वेढे एकमेकांवर बसतात, आणि तार स्वतः थोडी लांबते. पहिली दोन कारणं तुमच्या हातात आहेत. तिसऱ्याला दिवस द्यावे लागतात. ‘तार खराब निघाली’ ही तक्रार मी स्वतःही केलेली आहे. नव्वद टक्के वेळा फास खराब असतो.

काढण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक खुंट्यांचा आणि एक घोडीपासून लंगोटापर्यंतचा. कोणती तार कोणत्या खुंटीला जाते, वेढे कोणत्या बाजूने, मणी कुठे, सगळं त्यात येतं. घोडीच्या पायांभोवती तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी पाटावर) पेन्सिलीने अगदी हलकी खूण करा. आणि तारा एकेकच बदला. एक काढा, नवी लावा, सुराजवळ आणा, मगच दुसरीला हात घाला. चारही एकदम सोडल्या की घोडीला दाबून धरणारं काही उरत नाही, ती सरकते, आणि जवारी लावणाऱ्याने घासून जुळवलेलं सगळं बिघडतं. घोडीच्या माथ्यावर जुन्या तारांचे चर पडलेत का, तेही याच वेळी पाहा. पडले असतील तर जवारी करून घ्यावी लागेल, नव्या तारांनी आवाज सुधारणार नाही. पॉलिशपेपर घेऊन स्वतः घासायला बसू नका. घोडीच्या माथ्याचा तो उतार डोळ्यांना दिसतसुद्धा नाही इतका बारीक असतो, आणि तो साधायला कारागिरांची हयात जाते.

आता फास. तार दुमडून लहान वळसा करा आणि दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे पिळा, आठ-दहा पीळ. एक पदर सरळ राहिला आणि दुसराच त्याच्यावर गुंडाळला गेला, तर तो फास ताणाखाली घसरत राहतो आणि तुम्ही रोज खुंटी पिळत बसता. शेवटी टोकाचे तीन-चार घट्ट वेढे. पितळेला जास्त पीळ देऊ नका, पितळ मानेशीच तुटतं. पिळाचा भाग आखूड ठेवा. लांब झाला तर मण्याला सरकायला जागा उरत नाही. तारेला कुठेही मोड पडू देऊ नका. मोड पडलेली तार फेकून द्या, ती सरळ करून चढवलेली मी पाहिली आहे आणि ती तुटलेलीही पाहिली आहे.

फास लंगोटाला अडकवला. आता थांबा. मणी ओवा. घोडीवर जायच्या आधी, खुंटीचा विचारही डोक्यात यायच्या आधी, मणी तारेत. मी त्या रात्री इथेच चुकले: फोन वाजला, उठले, परत येऊन तार थेट घोडीवरून वर नेली. तार खुंटीत अडकली की मणी आत जाण्याचा रस्ता बंद. मग वेढे सोडा, टोक सरळ करा, आणि सरळ केलेलं टोक तिथेच तुटायला टपलेलं असतं. आता मी चारही मणी डाव्या हाताशी वाटीत ठेवते आणि वाटीतला मणी कमी झाल्याशिवाय तार पुढे नेत नाही. फोन बंद ठेवते.

मण्याचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हिशेब. काळी एकचा मधला षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण १३९ कंपनं. जोडाची एक तार १३९ वर आणि दुसरी १३८ वर असेल, तर दर सेकंदाला एक लाट येते, आणि तारेच्या वरच्या स्वरांशांत ती दुप्पट, तिप्पट वेगाने ऐकू येते. लाकडाची खुंटी घर्षणावर धरलेली असते. ती आधी चिकटते, मग सुटते, आणि सुटली की नेमकी हव्या त्या जागेच्या पुढे जाते. एका कंपनाचा फरक तिच्याने मिटवणं नशिबाचं काम आहे. मणी लंगोटाकडे सरकवला की तार किंचित उचलली जाते, ताण वाढतो, सूर चढतो. घोडीकडे सरकवला की उतरतो. गव्हाच्या दाण्याएवढं सरकवलं तरी कानाला कळतं. जोड जुळतो तो मण्यावर.

मणी ओवला. तार घोडीवरून, वर अटीच्या खाचेतून, तारगहनाच्या भोकातून खुंटीकडे (अटी आणि तारगहन म्हणजे खुंट्यांआधी दांडीवर बसवलेल्या दोन पट्ट्या). एक वीत जादा ठेवून कापा. टोक खुंटीच्या भोकातून काढून पहिला वेढा त्या टोकावरूनच घ्या, म्हणजे तार स्वतःला धरून ठेवते. पुढचे वेढे शेजारी शेजारी, एकावर एक नकोत, चार-पाच पुरे. पंधरा वेढे घालणाऱ्यांना वाटतं तार पक्की झाली. ती प्रत्येक वेढ्यातून थोडी थोडी सुटत राहते. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा. घसरत असेल तर काढून खडू लावा. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडते, तेव्हा जोर लावून मोडू नका. तार सैल करा, खुंटी बाहेर काढून कोरडी पुसा, मग बसवा. भोपळाही ओल धरतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या कोरड्या रानात वाढलेला तो भोपळा, त्याला आषाढातल्या मुंबईत उघड्यावर ठेवलं तर तंबोरा रोज वेगळा वागणारच.

चढवण्याआधी मणी मध्यावर आणा. ओवला म्हणजे काम झालं असं नाही. मणी आपोआप लंगोटाशी जाऊन बसलेला असतो, आणि तिथेच ठेवून खुंटीने सूर लावलात तर बैठकीत तार उतरल्यावर मण्याला खाली जायला जागाच नसते. तेव्हा तो असून नसल्यासारखा. मणी मध्यावर, मग खुंटी. खुंटीने सुराच्या अगदी जवळ, किंचित खाली आणायचं, शेवटचं मण्याने. तार सुराच्या वर गेली तर खुंटी चांगली सैल करून पुन्हा खालून वर या. नुसती जराशी उतरवलेली तार अटीच्या खाचेत अडून राहते आणि दहा मिनिटांनी सरकते.

सुराला आली की तार ताणून घ्या. दांडीच्या मधोमध बोटांनी हलकेच उचलायची, सोडायची, उतरली तेवढी पुन्हा चढवायची. असं पाच-सहा वेळा. पोलाद सोसतं, पितळेच्या खर्जाला जपून, दोनदाच, तेही हळू. हे केलं नाही तर पाच दिवसांचे आठ होतात.

मग जवारीचा दोरा. तार काढली तेव्हा तो पडला असेलच, नवा घ्या. तारेखाली घोडीवर घालून अगदी सावकाश मागेपुढे करा, आवाज खुलतो ती जागा एकच असते आणि ती सापडली की कळते. आधी सूर, मग दोरा, मग पुन्हा मण्याने सूर, कारण दोरा हलला की सूरही किंचित हलतो. खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपसूक ऐकू येतो. तो येईपर्यंत उठू नका. मोबाइलमधलं ट्यूनर षड्जाच्या जवळ जायला बरं आहे, जोड मात्र कानानेच जुळवा. आकडा हिरवा दिसत असतानाही लाट येत असते.

पुढचे चार दिवस रोज संध्याकाळी लावा आणि अर्धा तास छेडत बसा. मणी दर वेळी मध्यावर आणून मगच खुंटी. कार्यक्रमात मालकंस असेल तर पहिली, म्हणजे पंचमाची तार मध्यमाला, मारवा किंवा पूरिया असेल तर निषादाला लावावी लागेल. एवढं अंतर मण्याने कापलं जात नाही, खुंटीच लागते. म्हणून ते घरीच दोन-तीनदा करून पाहा, तार निषादाला तग धरते की नाही ते आत्ता कळू दे.

आदल्या रात्री काहीही नवं करू नका. तार तुटली तरच बदला. बदललीत तर, मणी.

त्या दिवशी तासभर आधी पोचा. तंबोरा गवसणीतून काढून मंचावरच ठेवा, दिवे लागलेले असू देत. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात आणि वातानुकूलन सुरू झालं की चढतात, म्हणून ग्रीनरूममध्ये लावलेला सूर मंचावर टिकत नाही. बसल्यावर चारही मण्यांवरून एकदा बोट फिरवा. चारही. गाणं सुरू असताना खुंटीला हात नाही, फक्त मणी, तोही समेनंतर, हळूच.

संपल्यावर तारा फडक्याने पुसा, घामाने पोलाद गंजतं. प्रवास असेल तर तारा थोड्या उतरवा. गवसणी. जादा तारा गवसणीच्या कप्प्यात, गुंडाळी मोठी ठेवून. आणि मणी मोजा: चार तंबोऱ्यावर, दोन डबीत.