बायबलच्या ग्रंथसूचीचा वाद: नव्या अभ्यासकांसाठी

चर्चच्या इतिहासाचे बहुतेक नवे विद्यार्थी कॅथलिक बायबलमध्ये ७३ आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात एवढे पाठ करून पुढे सरकतात; मला मात्र बायबलमध्ये कोणती पुस्तके प्रमाण मानावीत हा वाद उमगू लागला तो दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्यावरच. सुरुवात दानीएलपासून करावी. प्रोटेस्टंट आवृत्तीत हे पुस्तक बाराव्या अध्यायाशी संपते, तर कॅथलिक आवृत्तीच्या तेराव्यात सुसान्नेवरच्या खोट्या आरोपाची कथा येते: दानीएल दोन्ही साक्षीदारांना वेगळे करून, तिला कोणत्या झाडाखाली पाहिले, एवढेच विचारतो आणि दोघे दोन निराळी झाडे सांगतात. हा मजकूर ग्रीक परंपरेत आहे, हिब्रू बायबलमध्ये नाही.

त्यानंतर फक्त कॅथलिक आवृत्तीत असलेल्या ‘दुसरे मक्काबी’ या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचावा. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी ज्यू सेनापती यहूदा वर्गणी जमवून यरुशलेमला अर्पणासाठी पाठवतो. १५१९ च्या लाइपझिग वादसभेत कॅथलिक धर्मपंडित योहान एक (Eck) यांनी शुद्धिस्थानाच्या, म्हणजे मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होण्याच्या अवस्थेच्या, समर्थनार्थ हाच उतारा पुढे केला, तेव्हा हे पुस्तक प्रमाणग्रंथ नसल्याने सिद्धांताला आधार होऊ शकत नाही, असे प्रोटेस्टंट चळवळीचे प्रणेते मार्टिन ल्यूथर यांनी उत्तर दिले. कोणती पुस्तके प्रमाण, हा प्रश्न असा सिद्धांताच्या भांडणातून पेटला, हे ध्यानात ठेवल्यास पुढचे सारे सोपे जाते.

कॅथलिक आवृत्तीतल्या या जादा पुस्तकांबद्दलची ‘ट्रेंटच्या (कॅथलिक) धर्मसभेने १५४६ मध्ये पुस्तके घुसडली’ आणि ‘ल्यूथरने ती काढून टाकली’ ही दोन्ही प्रचारकी विधाने तारखांपुढे टिकत नाहीत. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेच्या ३९७ च्या यादीत ती पुस्तके आहेत, आणि त्याच काळातले बायबलचे लॅटिन भाषांतरकार जेरोम हिब्रूबाहेरच्या पुस्तकांना वेगळे लेखत होते. ल्यूथर यांच्या १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती जुना आणि नवा या दोन करारांच्या मध्ये, शास्त्राच्या तोडीची नव्हेत पण वाचण्यास उपयुक्त, अशा शेऱ्यासह छापलेली आहेत. प्रोटेस्टंट घरांतून ती खऱ्या अर्थाने दिसेनाशी झाली, माझ्या मते, १८२६ मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्यांच्या छपाईला पैसे देणे थांबवल्यानंतर.

यादी कोण ठरवते, हा प्रश्न खरा अवघड आहे. कॅथलिक पक्ष चर्चच्या अधिकाराकडे बोट दाखवतो. शास्त्र स्वतःच आपली साक्ष देते, असे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन म्हणतात. दोन्हींवर आक्षेप आहेत, म्हणून धर्मसभांचे मूळ ठराव आणि पंथांच्या लेखी श्रद्धाघोषणा वाचूनच मत बनवावे. एक व्यावहारिक सूचना: व्हल्गेट या लॅटिन बायबलवर बेतलेल्या जुन्या कॅथलिक ग्रंथांत तेविसावे स्तोत्र बाविसावे म्हणून येते, तेव्हा संदर्भ उतरवताना क्रमांक तपासून घ्यावेत.