चवथीआधी प्रिंटर-कॅमेऱ्यांना पक्के पत्ते देण्याची तयारी

आमचं घर फोंडा तालुक्यात, चिऱ्याचं, मधोमध चौक असलेलं. एरवी घरात चार फोन असतात, चवथीला मुंबई-पुणे-बेंगळुरूहून सगळे आले की तीस होतात. गेल्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी आरतीचे कागद छापायचे होते आणि पुतण्याने हाक मारली, "काका, प्रिंटर ऑफलाईन दाखवतो." प्रिंटर चालू होता, दिवा हिरवा होता, कागद भरलेला होता. सकाळी दोनदा वीज गेली होती. राऊटर पुन्हा सुरू झाला तेव्हा प्रिंटर बंद होता आणि पाहुण्यांचे फोन जागे होते. प्रिंटरचा घरच्या नेटवर्कवरचा जुना पत्ता त्यातल्या एका फोनला गेला, आणि आमचा संगणक छपाई त्या फोनकडे पाठवत राहिला. यंदा श्रावणातल्या एका रविवारी मी हे काम मार्गी लावलं. त्यासाठी जी तयारी लागली ती इथे सांगतो, कारण ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राऊटरच्या सेटिंगच्या पानावर बसून करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. वेळ जातो तो त्याआधी.

आधी एवढं लक्षात असू द्या. राऊटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता, म्हणजे ज्या आकड्यावर बाकीची यंत्रं त्याला गाठतात तो, कायमचा देत नाही, मुदतीवर देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. मुदत बऱ्याच घरगुती राऊटरवर २४ तासांची असते, काहींवर दोनच तासांची. अर्धी मुदत सरली की चालू असलेलं यंत्र आपणहून ती वाढवून घेतं, म्हणून सतत चालू असलेल्या यंत्राचा पत्ता महिनोन्‌महिने तोच दिसतो. रात्री बंद होणाऱ्याची मात्र खात्री नसते. त्यात वीज गेली की कुणाला कोणता पत्ता दिला होता हे कित्येक राऊटर विसरूनच जातात. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसातून तीनदा वीज जाणं नवं नाही, तेव्हा ही अडचण इथे वरचेवर येते.

पहिली तयारी म्हणजे कुणाला पक्का पत्ता हवा आणि कुणाला नको हे ठरवणं. ज्याच्याकडे दुसरं यंत्र जातं त्याला हवा: प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), नेटवर्कवर लावलेली हार्ड डिस्क, मागच्या खोल्यांसाठी लावलेला दुसरा राऊटर. जे स्वतःच दुसऱ्याकडे जातं, म्हणजे फोन, टॅब, पाहुण्यांचे लॅपटॉप, त्याला नको. टीव्हीवर फक्त सिनेमे बघत असाल तर त्यालाही गरज नाही. आमच्या घरात शेवटी पाचच नावं उरली. सगळ्यांना पत्ते देत बसलात तर यादी सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं.

मग एक वही घ्या. फोनमधली नोंद नको, कागदाची वहीच. कारण ती लागेल त्या दिवशी नेट बंद असणार आहे. प्रत्येक यंत्रासमोर त्याचा मॅक ॲड्रेस लिहायचा. हा बारा खुणांचा क्रमांक कारखान्यातच यंत्राला मिळतो आणि राऊटर यंत्राला ओळखतो तो याच्यावरूनच. खुणा म्हणजे ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं. त्यात इंग्रजी ओ कधीच नसतो, गोल दिसलं की शून्यच समजा. ८ आणि बी यांच्यात मात्र डोळे ताणून बघावं लागतं. डीव्हीआरच्या बुडाला चिकटपट्टीवर तो छापलेला असतो. प्रिंटरच्या सेटिंगमधून नेटवर्कची माहिती छापून घेता येते, त्या कागदावर तो सापडतो. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग ऑल' (ipconfig /all) हा आदेश दिला की 'फिजिकल ॲड्रेस' या नावाखाली दिसतो.

इथे दोन ठिकाणी माणूस फसतो. एकाच यंत्राला तारेसाठी वेगळा मॅक असतो आणि वाय-फायसाठी वेगळा. प्रिंटर आज वाय-फायवर असेल आणि उद्या तुम्ही त्याला तार जोडलीत तर राऊटरच्या लेखी ते नवीनच यंत्र. म्हणून आधी जोडणी कोणती राहणार ते ठरवा, मग मॅक लिहा. दुसरं फोनचं. ॲन्ड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनवर आयओएस १४ पासून (२०२०) फोन वाय-फायवर खरा मॅक न दाखवता बनवलेला दाखवतात. ही सोय बाहेरच्या वाय-फायवर तुमचा माग काढता येऊ नये म्हणून आहे आणि ती चांगलीच आहे. पण एखाद्या जुन्या फोनचा तुम्ही घरातला कॅमेरा केला असेल, तर फक्त घरच्या नेटवर्कपुरती ती बंद करून खरा क्रमांक लिहून घ्या.

आता घराचा नकाशा. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वाय-फाय धड जात नाही. पुढच्या सोप्यात राऊटर असला तर चौकापलीकडच्या स्वयंपाकघरात एक रेघसुद्धा दिसत नाही, म्हणून बहुतेक घरांत मागे जुना राऊटर जोडलेला असतो. घरात असा दुसरा डबा असेल तर त्याचा निकाल आधी लावा, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. दोन्ही राऊटर पत्ते वाटत असतील तर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. मागच्या जाळ्यावरच्या लॅपटॉपला पुढचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, आणि पुढच्या फोनला मागच्या जाळ्यातल्या कशापर्यंतच जाता येत नाही. आमच्याकडे वहिनी दोन वर्षं प्रिंटर वापरायला लॅपटॉप घेऊन सोप्यात येत होत्या. कारण हे होतं आणि मला ते लवकर कळायला हवं होतं. उपाय क्रमाने करायचा. जुना राऊटर एकटाच लॅपटॉपला जोडा, त्याला मुख्य राऊटरच्या जाळ्यातला एक मोकळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि मगच मुख्य राऊटरकडून आलेली तार त्याच्या लॅनच्या (घरातली यंत्रं जोडायच्या) भोकात घाला, वॅनच्या (बाहेरचं इंटरनेट जोडायच्या) नव्हे. क्रम चुकला आणि डीएचसीपी चालू ठेवून लॅनला तार जोडलीत तर एकाच जाळ्यात दोन वाटप करणारे होतात आणि घरभर गोंधळ उडतो. काही राऊटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असतो, तो निवडला तर डीएचसीपी आपोआप बंद होतं.

यानंतर पत्त्यांची आखणी करा. घरातले पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. हा पट्टा खासगी वापरासाठी राखून ठेवलेला आहे, म्हणून तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घरात तेच आकडे असले तरी काही बिघडत नाही. राऊटर १९२.१६८.१.१ वर असेल तर तिसरा आकडा सगळ्यांचा १ राहणार आणि शेवटचा २ ते २५४ मधला तुम्ही निवडणार. मी अशी वाटणी केली: २ ते ९ दुसऱ्या राऊटरसारख्या जोडणीच्या डब्यांना, १० ते १९ प्रिंटरना, २० ते ३९ डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांना, ४० पासून हार्ड डिस्क वगैरे. आपोआप वाटपाचा टप्पा १०० ते २००. म्हणजे पाहुण्यांसाठी १०१ पत्ते मोकळे राहिले. आमच्या चवथीला ते पुरून उरतात. तुमच्या राऊटरचा वाटपाचा टप्पा थेट २ पासून २५४ पर्यंत असू शकतो. काही राऊटर राखीव पत्ता त्या टप्प्यातलाच मागतात, काही बाहेरचाही चालवून घेतात. त्यामुळे तुमचा कोणत्या जातीचा हे वाटणी वहीत पक्की करण्याआधी एक पत्ता टाकून बघा.

पत्ता पक्का करायचा कुठे, यावर माझं मत ठाम आहे: राऊटरमध्ये. यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने आकडे भरण्याची पद्धत आहे आणि कॅमेरे बसवायला येणारे तेच करून जातात. आमच्याकडेही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला गडगडाटात घरावर वीज उतरली. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण प्लगमधून येते आणि गेटवरच्या कॅमेऱ्याच्या तांब्याच्या तारेतूनही येते. राऊटर जळाला. कंपनीच्या माणसाने दुसऱ्या दिवशी नवा बसवून दिला, नेट सुरू झालं, आणि कॅमेरे चार दिवस बंद. बाबा तेव्हा घरी एकटे होते आणि मी लांबून गेट बघू शकत नव्हतो. ते चार दिवस मला अजून आठवतात. डीव्हीआर धडधाकट होता. नव्या राऊटरचं जाळं वेगळ्या आकड्यांचं होतं आणि डीव्हीआर हाताने भरलेल्या जुन्या पत्त्यावर, जुन्याच दाराशी उभा होता. राऊटरमध्ये राखीव केलेला असता तर त्याने नव्या राऊटरकडून निमूट नवा पत्ता घेतला असता आणि फोनवर दिसला असता. तेव्हा यंत्रातली सेटिंग आपोआप म्हणजे डीएचसीपीवरच ठेवा आणि राऊटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' अशा नावाखाली मॅक आणि पत्ता यांची जोडी लिहा. अपवाद दुसऱ्या राऊटरचा, त्याला हातानेच द्यावा लागतो, आणि तो वाटपाच्या टप्प्याबाहेरचा हवा.

त्या प्रसंगातून आणखी एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर गेली: मुख्य राऊटरचा स्वतःचा घरातला पत्ता. नवा डबा आला की आधी त्याचा लॅन पत्ता बदलून जुन्या डब्याचा करायचा. जाळं पूर्वीच्या आकड्यांवर येतं, मग राखीव जोड्या वहीतून पुन्हा भरायच्या. राऊटरमध्ये सेटिंगची प्रत फाईल म्हणून उतरवून घेता येते, तीही घ्या. पण नवा डबा वेगळ्या बनावटीचा असला तर ती फाईल चालत नाही आणि वहीच कामी येते.

राऊटरच्या पानात शिरायचा पासवर्ड रविवारी शोधायला लागू नका, आदल्या आठवड्यात पाहून ठेवा. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. डब्याखाली छापलेला चालत नसेल तर बसवणाऱ्याने बदलला असणार. कंपनीला फोन करून मागून घ्या. त्या फोनवर "मला स्टॅटिक आयपी हवा" असं म्हणू नका. तो वेगळा विषय, त्याला महिन्याचे पैसे पडतात आणि तो घराला बाहेरच्या जगात मिळणारा पत्ता असतो. आपण बोलतोय ते घराच्या आतल्या पत्त्यांविषयी, ते फुकट आहेत. डीव्हीआरला पक्का पत्ता मिळाला म्हणून त्याच्यासाठी बाहेरून थेट वाट उघडून देण्याचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर असेच ताब्यात घेतले होते. ते इंटरनेटवरून थेट गाठता येत होते आणि त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आलेलेच होते. तुमच्या डीव्हीआरचा पासवर्ड अजून तसाच असेल तर पत्त्याआधी तो बदला.

कामाच्या दिवशी घरातल्यांना आधी सांगा, कारण तासभर नेट येत-जात राहणार. राऊटर इन्व्हर्टरवर असू द्या. लॅपटॉप तारेने जोडा, म्हणजे वाय-फाय तुटलं तरी पान हातचं जात नाही. आकडे भरताना कळफलक इंग्रजीवर ठेवा. आधी वाटपाचा टप्पा बदला, मग एकेक जोडी भरा, मग ते ते यंत्र बंद करून चालू करा. तोवर ते जुनाच पत्ता धरून बसतं. शेवटी संगणकावरचा प्रिंटर तपासायचा. हे बहुतेकांचं राहून जातं. विंडोजमध्ये प्रिंटरच्या गुणधर्मांत 'पोर्ट' म्हणून भाग असतो, तिथे जुना पत्ता असेल तर नवीन टीसीपी-आयपी पोर्ट जोडून वहीतला पत्ता भरा. राऊटरमध्ये सगळं बरोबर करूनही प्रिंटर ऑफलाईन दिसण्याचं कारण बरेचदा हेच निघतं.

मग वीज गेल्यासारखी चाचणी घ्या. फायबरचा डबा, राऊटर, प्रिंटर, डीव्हीआर सगळे एकदम बंद करा आणि एकदम चालू करा. प्रिंटर लवकर जागा होतो, फायबरच्या डब्याला आणि राऊटरला दोन-तीन मिनिटं लागतात. पत्ता द्यायला कुणी नाही असं पाहून काही यंत्रं स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. असा आकडा कुठे दिसला तर यंत्र बिघडलेलं नाही, त्याला राऊटर वेळेवर भेटला नाही एवढंच. बहुतेक यंत्रं थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, जे विचारत नाही ते एकदा बंद-चालू करा. आमच्याकडे प्रिंटर असाच अडला, म्हणून आता राऊटरबरोबर तोही इन्व्हर्टरवर घेतलाय. लेझर प्रिंटर असेल तर मात्र हे करू नका, छापताना तो फार वीज ओढतो.

पाचही पत्ते संगणकावरून 'पिंग' करून, म्हणजे त्यांना हाक मारून, उत्तर येतं का बघा, समोर बरोबरची खूण करा, तारीख घाला. वही आमच्याकडे विजेच्या बिलांच्या कप्प्यात आहे, आणि प्रिंटरच्या पाठीवर त्याच्या पत्त्याची चिठ्ठी पारदर्शक टेपने चिकटवलेली आहे. चिठ्ठी आईने लिहिली, मोठ्या आकड्यांत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी.