मूग पेरताना दाण्यासोबत चाऱ्याचाही विचार करा

साठ-पासष्ट दिवसांत हातात येणारा मूग पावसाळ्यातलं पहिलं नगद देतो. पण शेंगा तोडून उरलेलं झाड रानातच वाळून काड्या होताना दिसलं की जीव तुटतो. त्या पाल्यात प्रथिनं भरपूर असतात आणि गाय-म्हैस तो आवडीनं खाते. दाणा आणि चारा दोन्ही हवेत, तर पेरणीपासूनच त्या हिशोबानं चालावं लागतं.

रान मध्यम ते भारी चालेल, पण पाणी साचणारं नको. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात चांगला पाऊस झाला की वापशावर, म्हणजे माती ओली पण चिखल नसलेली असताना, पेरणी करा. जुलैचा पहिला आठवडा ओलांडू नका. शेंगा साधारण एकदम पिकणारा वाण घ्या. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएम 4 आणि बीएम 2003-2 मराठवाड्यात चांगले रुळले आहेत. एकरी 5 ते 6 किलो बियाणं पुरतं. दोन ओळींत 30 आणि दोन रोपांत 10 सेंटिमीटर ठेवा. दाट पेरल्यानं चारा वाढेल असं वाटतं, पण खालची पानं सावलीत पिवळी पडून गळतात.

बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), किलोला 5 ग्रॅम, आणि मग रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू) चोळा. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पेरताना एकरी 40 किलो डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) पुरे. वर युरिया फेकू नका. महिन्याभरानं एखादं रोप खुरप्यानं मुळासकट अलगद काढा आणि मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर झाड हवेतला नत्र घेतंय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती गाठ कामाची नाही.

पहिली कोळपणी (ओळींमधलं तण कोळप्यानं काढणं) तिसऱ्या आठवड्यात, मागोमाग खुरपणी. पांढऱ्या माशीवर नजर ठेवा, कारण पिवळा मोझॅक हा पानं पिवळी करणारा विषाणू रोग तीच पसरवते. पिवळी पडलेली झाडं दिसताच उपटून नष्ट करा आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. रासायनिक औषध मारावंच लागलं, तर लेबलवरचा प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर थांबायचे दिवस) संपेपर्यंत तो पाला जनावरांपुढे टाकू नका.

खरी कसोटी काढणीला. शेंगा काळ्या पडू लागल्या की पहिली तोडणी सकाळच्या दहिवरात करा. उन्हात त्या तडकतात. आठ-दहा दिवसांनी दुसरी. तिसरीचा मोह टाळा. मूठभर शेंगांसाठी थांबलं की पानं गळतात आणि चाऱ्याचा कस जातो. दुसऱ्या तोडणीनंतर लगेच, पानं हिरवी असतानाच, विळ्यानं जमिनीलगत कापा. उपटू नका, मुळं कुजून पुढच्या रब्बी ज्वारीला नत्र मिळतो.

कापलेला पाला पातळ पसरा आणि सकाळी ओल असतानाच उलटा, म्हणजे पानांचा चुरा होत नाही. वाळल्यावर कोरड्या जागी रचा; बुरशी धरलेला खाऊ घालू नका. हिरवा द्यायचा असेल तर एक दिवस सुकू द्या आणि कडब्याच्या कुट्टीत थोडा थोडा मिसळून वाढवत न्या. उपाशी जनावरानं नुसता ओला मूग पोटभर खाल्ला तर पोट फुगतं.