मागच्या सीटवरून सगळे दिसते: दुचाकीवर मुलांना नेणाऱ्या पालकांसाठी

तीन वर्षांचे मूल आई किंवा वडिलांच्या स्कूटरवरून बालवाडीत जाऊ लागते, तेव्हापासून स्वतःचा परवाना काढण्याच्या वयापर्यंत ते जवळजवळ रोज तुमचे वाहन चालवणे पाहत असते. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी केलेल्या प्रयोगात, मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलेल्या अनेक मुलांनी संधी मिळताच तसेच केले, आणि तसे करायला त्यांना कोणीही सांगितले नव्हते. शाळेत ‘वाहतुकीचे नियम पाळा’ असे रंगवलेले फलक घेऊन फेरी काढणारे मूल सिग्नलला नक्की केव्हा थांबायचे हे मात्र पुढे बसलेल्या माणसाकडूनच शिकते.

सुरुवात हेल्मेटपासून करावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाने, म्हणजे मागे बसलेल्यानेही, हेल्मेट घालायचे आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी वेगळे नियम आहेत: मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, त्याच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी जास्तीत जास्त ४० किलोमीटर वेग. मोठ्यांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे टोपलीखाली वाटी झाकणे. मान हलवली तरी हेल्मेट जागचे हलू नये, हे दुकानातच पाहून घ्यावे. आधी स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा लावावा, मग मुलाचा. कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायला जातानाही हा क्रम मोडू नये, कारण खरी परीक्षा त्या दोन मिनिटांचीच असते. हेल्मेट आरशाला अडकवून निघायचे आणि चौकात पोलीस दिसताच घाईने डोक्यावर चढवायचे, अशी सवय असेल तर मुलाच्या मनात हेल्मेटचा संबंध डोक्याशी नव्हे, पोलिसाशी जुळतो. ‘मामा दिसले की सांग हं’ असे मुलालाच सांगणारे पालक तर त्याला या खेळातला भिडू करून घेतात.

नियम मोडण्यामागे बहुतेक वेळा बेफिकिरी नसते, उशीर असतो. म्हणून सिग्नल पाळण्याची तयारी आदल्या रात्री करावी: दप्तर भरून ठेवावे, गणवेश काढून ठेवावा आणि निघण्याची वेळ दहा मिनिटे अलीकडे आणावी. मग सिग्नलवरचे उलटे आकडे तीनवर आले की गाडी दामटण्याचा मोह पुष्कळ ओसरतो. शाळेचे फाटक रस्त्याच्या पलीकडे असेल तर उलट्या दिशेने घुसण्याऐवजी गाडी अलीकडे बाजूला लावून मुलाचा हात धरून रस्ता ओलांडावा. पाऊस असेल तर भिजायला होते, हे मान्य आहे. फोन पिशवीत ठेवावा. तो वाजला तर वाजू द्यावा, आणि घेणे भागच असेल तर गाडी कडेला थांबवून घ्यावा. हेल्मेट आणि कानाच्या मध्ये खुपसलेला फोन मागच्या सीटवरून फार ठळक दिसतो.

तरीही चूक होणारच. अशा वेळी ‘सगळेच तर जातात’ हे समर्थन टाळावे आणि ‘मी चुकलो, थांबायला हवे होते’ एवढेच म्हणावे. पोलिसांनी अडवले तर चिरीमिरी पुढे सरकवू नये, कारण ती देताना पाहिलेले मूल वाहतुकीपलीकडचेही बरेच काही शिकते. ई-चलान आले तर दंड मुलाला शेजारी बसवूनच भरावा.

या सगळ्याची किंमत मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाल्यावर कळते. ‘क्लासलाच तर जायचंय, दे ना चावी’ ही मागणी प्रत्येक घरात येते. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीसाठीच असतो, आणि आज घरोघरी असलेल्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या असतात. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मात्र ही कलमे वाचून दाखवताना मुलाने ‘तुम्ही कुठे पाळता?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर कलमांत सापडत नाही.

म्हणून मूल लहान असतानाच त्याला एक अधिकार देऊन ठेवावा. ‘बाबा, पट्टा’ किंवा ‘आई, लाल आहे’ असे मागून ऐकू आले की न रागावता, ‘माहीत आहे मला’ असे न म्हणता, तिथल्या तिथे पट्टा लावावा किंवा ब्रेक दाबावा.