एडिटरमध्येच टास्क सांभाळताय? मग या चुका टाळा

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत घरून काम करणाऱ्या कुठल्याही डेव्हलपरला विचारा, जुलै महिन्यात ब्राउझरमध्ये जिराचा (टीमची कामं नोंदवायच्या वेबसाइटचा) बोर्ड उघडायला काय लागतं. दुपारपासून लाईट नाही, राउटर इन्व्हर्टरवर, केबलवाल्याची लाईन कुठेतरी झाड पडून तुटलेली, आणि हॉटस्पॉटला रेंज हवी तर लॅपटॉप घेऊन पडवीत जाऊन बसायचं. मग टिकिटांची, म्हणजे तिथे नोंदवलेल्या कामांची, यादी थेट कोड लिहायच्या एडिटरमध्येच आणलेली बरी, असं वाटणं साहजिक आहे. इंटेलिजेमध्ये ‘टास्क्स अँड कॉन्टेक्स्ट्स’ आहे, एक्लिप्सला मायलिन आहे, व्हीएस कोडला गिटहबचं, म्हणजे कोड ठेवायच्या साइटचं, एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) आहे, आणि व्हिज्युअल स्टुडिओत टास्क लिस्टची खिडकी कित्येक वर्षांपासून आहे. सोय चांगलीच आहे. मात्र कुठली गोष्ट सर्व्हरवर आहे आणि कुठली फक्त आपल्या लॅपटॉपवर, हे त्या खिडकीकडे बघून कळत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

टूडू लिहिलं की काम नोंदवलं, असं समजणं

कोडमध्ये ‘टूडू: पिनकोड तपासायचा’ अशी, करायचं राहिलेलं काम सांगणारी, कॉमेंट टाकली की इंटेलिजेच्या टूडू खिडकीत ती दिसते. ‘फिक्समी’ लिहिलं तरी दिसते. व्हिज्युअल स्टुडिओ टूडूसोबत ‘हॅक’ आणि ‘अनडन’ हे शब्दही पकडतो. व्हीएस कोडमध्ये अशी खिडकी मुळात नाहीच, त्यासाठी टूडू ट्रीसारखं एक्स्टेन्शन घालावं लागतं. खिडकीत दिसलं की डोक्यावरचं ओझं उतरतं आणि गोष्ट तिथेच राहते. मुंबईत बसलेली टीम लीड ती खिडकी बघत नाही, टेस्टर तर नाहीच नाही.

आज संध्याकाळच्या आत जे संपणार आहे त्यालाच नुसतं टूडू पुरे, त्यापलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला टिकीट हवं आणि टिकिटाचा नंबर त्या कॉमेंटमध्ये हवा, असं माझं मत आहे. व्हीएस कोडच्या गिटहब एक्स्टेन्शनमध्ये टूडूच्या ओळीवर कर्सर नेला की बल्ब येतो, त्यातून थेट इश्यू (गिटहबवरचं टिकीट) तयार करता येतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नंबर नसलेली टूडू दोन वर्षांनी सापडते तेव्हा ती कोणी, कशासाठी लिहिली हे सांगणारं टीममध्ये कोणी उरलेलं नसतं.

व्हीएस कोडच्या मेन्यूत ‘रन टास्क’ दिसतं आणि नवा माणूस तिथे आपली टिकिटं शोधत बसतो. ती जागा बिल्ड आणि टेस्ट चालवण्याच्या आज्ञांची आहे. टिकिटांशी तिचा संबंध नाही.

टास्क बदलला म्हणजे कोडही बदलला, असं धरून चालणं

टास्कनुसार एडिटरची मांडणी बदलायची कल्पना मिक कर्स्टन आणि गेल मर्फी यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आणली. तेच एक्लिप्समधलं मायलिन. सुरुवातीला त्याचं नाव मायलार होतं. तुम्ही टास्क चालू करायचा, त्या टास्कमध्ये ज्या फायलींना हात लावाल त्या मायलिन लक्षात ठेवणार आणि बाकीचा पसारा नजरेआड करणार. इंटेलिजेमध्ये ऑल्ट-शिफ्ट-एन दाबून टास्क उघडला की साधारण तसंच होतं: जुने टॅब मिटतात, नव्या टास्कचे उघडतात, सोबत नवी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) किंवा चेंजलिस्टही करता येते.

घोळ होतो तो त्या ‘किंवा’मध्ये. डायलॉगमध्ये ब्रँचची खूण न करता फक्त चेंजलिस्टची केली, तर टॅब बदलतात, पण डिस्कवरचा कोड जिथल्या तिथे राहतो. चेंजलिस्ट म्हणजे बदललेल्या फायलींची निव्वळ वाटणी. आधीच्या टास्कचा अर्धवट कोडही त्याच फोल्डरमध्ये असतो आणि बिल्डमध्ये दोन्ही एकत्र जातात. ‘माझ्याकडे चालतंय, सर्व्हरवर का चालत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हेच निघतं. चेंजलिस्ट एकाच टास्कच्या आतल्या वाटणीपुरती वापरा, जसं की सर्व्हरच्या पत्त्यात केलेला जो लोकल बदल कधीच कमिट करायचा (गिट या बदल सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंदवायचा) नाही, तो वेगळा ठेवायला. टास्क बदलताना मात्र ब्रँच बदललीच पाहिजे, किंवा आधीचे बदल शेल्व्ह करून बाजूला काढले पाहिजेत.

ब्रँचच्या नावाचा साचा सेटिंग्जमध्ये एकदाच ठरवून टाका. टिकिटाचा नंबर आणि दोन-तीन साधे इंग्रजी शब्द, बस्स. टिकिटाचं पूर्ण शीर्षक नावात ओतू नका. शीर्षक मराठीत असेल तर गिटची हरकत नसते, पण बिल्डची एखादी जुनी स्क्रिप्ट त्यावर अडते आणि मग कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो.

मध्येच फोन आला की सगळं स्टॅशमध्ये कोंबणं

यावर थोडं सविस्तर बोलू, कारण कामं खरी हरवतात ती इथे.

समजा, देवगडच्या आंबा बागायतदारांसाठी ऑर्डर घेणारी साइट आहे. एप्रिल महिना, हंगाम भरात. डेव्हलपर सवलतीच्या कूपनवर काम करतोय, दोन फायली बदलल्यात आणि कूपनसाठी एक नवी फाइल तयार केली आहे. चार वाजता फोन येतो: साइटवर पेटीची ऑर्डर डझनच्या भावाने लागतेय, आत्ता दुरुस्त करा. तो घाईघाईने गिट स्टॅश मारतो (अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवतो), मुख्य ब्रँचवर जातो, दुरुस्ती करतो, ‘गिट ॲड डॉट’ करून (फोल्डरमधलं सगळं निवडून) कमिट करतो आणि पुश करतो, म्हणजे सर्व्हरवर पाठवतो. पेटीचा भाव सुधारला. पण कूपनची अर्धवट फाइलही लाइव्ह साइटवर गेली.

कारण साधं आहे. नुसता गिट स्टॅश नव्या, अजून गिटला माहीत नसलेल्या फायली उचलत नाही. त्या फोल्डरमध्येच राहतात आणि पुढच्या ‘ॲड डॉट’मध्ये गुपचूप सामील होतात. त्या उचलायच्या तर स्टॅशला ‘डॅश यू’ जोडायला हवं. दुसरी अडचण अशी की स्टॅश कुठल्याही ब्रँचशी बांधलेला नसतो. सगळ्या ब्रँचचे स्टॅश एकाच ढिगाऱ्यात एकावर एक पडतात. दोन दिवसांनी ‘पॉप’ केलं, म्हणजे स्टॅश परत उतरवून यादीतून काढला, आणि भलत्याच ब्रँचवर भलताच कोड उतरला, असं सर्रास होतं. निदान ‘डॅश एम’ देऊन टिकिटाचा नंबर तरी लिहा, म्हणजे यादी बघितल्यावर ओळख पटेल. पॉपऐवजी ‘अप्लाय’ वापरलंत तर कोड उतरल्यावरही स्टॅश जागेवर राहतो. सगळं नीट बसलं की मग तो काढून टाका.

यापेक्षा बरी वाट म्हणजे वर्कट्री. गिटच्या २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून ती आहे, तरी वापरणारे कमीच. ‘गिट वर्कट्री ॲड’ केलं की शेजारी दुसरं फोल्डर तयार होतं आणि त्यात मुख्य ब्रँच उघडते. कूपनचं काम होतं तसं पहिल्या फोल्डरमध्ये राहतं, पेटीची दुरुस्ती दुसऱ्यात होते, कशातच काही मिसळत नाही. फक्त दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. एकच ब्रँच दोन वर्कट्रीमध्ये उघडत नाही, गिट सरळ नकार देतो. आणि गिटच्या बाहेर ठेवलेल्या गोष्टी, म्हणजे पासवर्डची एन्व्ह फाइल, नोड मॉड्यूल्स वगैरे, नव्या फोल्डरमध्ये येत नाहीत. फोनच्या डेटावर सगळी पॅकेजेस पुन्हा उतरवायची वेळ नको असेल, तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच दुरुस्तीसाठी एक वर्कट्री तयार करून ठेवा.

वर्कट्री नको असेल तर अर्धवट कामाचा कमिट करा, संदेशात ‘अपूर्ण’ असं स्पष्ट लिहा आणि ती ब्रँच पुश करा. कमिट दिसायला ओबडधोबड झाला तरी चालेल, मर्ज करण्याआधी, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये मिसळण्याआधी, तो स्क्वॉश करता येतो (बाकीच्या कमिटांत मिसळून एकच करता येतो). आभाळ भरून आलं की मी स्टॅशच्या भानगडीत पडत नाही, सरळ कमिट आणि पुश.

लाईट गेली आणि गिट अडलं

डेस्कटॉपवर यूपीएस नसेल आणि कमिट चालू असताना लाईट गेली, तर मशीन पुन्हा चालू झाल्यावर गिट म्हणतो की दुसरी गिट प्रक्रिया चालू आहे. बहुतेक वेळा दुसरं काहीच चालू नसतं, डॉटगिट फोल्डरमध्ये ‘इंडेक्स डॉट लॉक’ नावाची फाइल तेवढी मागे राहिलेली असते. एडिटर बंद करा, खरंच काही चालू नाही ना ते बघा आणि मग ती फाइल काढा.

ऑब्जेक्ट फाइल रिकामी किंवा खराब असल्याची चूक आली तर लगेच आज्ञा मारत सुटू नका. आधी अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. ब्रँच पुश केलेली असेल तर नवा क्लोन (सर्व्हरवरून पूर्ण प्रत) घ्या आणि जुन्या फोल्डरमधल्या बदललेल्या फायली त्यावर आणून ठेवा. इंटरनेटवरचे उपाय एकामागून एक करत बसण्यापेक्षा हे लवकर आटपतं.

टिकीट बंद होत नाही, किंवा नको तेव्हा होतं

कमिटमध्ये ‘फिक्सेस #२१४’ लिहिलं, मर्ज झालं, तरी गिटहबवरचा इश्यू उघडाच. असं झालं की आधी मर्ज कुठे झालं ते बघा. हे शब्द रिपॉझिटरीच्या (प्रोजेक्टच्या गिट साठ्याच्या) डीफॉल्ट ब्रँचमध्ये मर्ज झाल्यावरच काम करतात. टीमचं सगळं मर्ज ‘डेव्हलप’मध्ये जात असेल आणि डीफॉल्ट ‘मेन’ असेल, तर इश्यू बंद होणार नाही.

टिकिटाचा नंबर संदेशातून गायबच होत असेल तर संदेश # ने सुरू होतोय का बघा. एडिटर उघडून लिहिलेल्या कमिट संदेशात # ने सुरू होणारी ओळ गिट टिप्पणी समजून काढून टाकतो. तेवढी एकच ओळ असेल तर संदेश रिकामा आहे म्हणून कमिटच नाकारतो. ‘डॅश एम’ने दिलेला संदेश टिकून राहतो, पण नंतर अमेंड करताना (तोच कमिट सुधारताना) एडिटर उघडला की ती ओळ पुन्हा जाते. नंबर ओळीच्या शेवटी लिहायची सवय लावली की प्रश्न मिटतो.

जिराच्या स्मार्ट कमिटमध्ये, म्हणजे कमिटच्या संदेशातूनच टिकिटात वेळ किंवा शेरा नोंदवण्यात, अडचण बहुतेक वेळा ईमेलची असते. गिटमध्ये घातलेला ईमेल आणि जिरातला ईमेल तंतोतंत एक हवा. घरच्या लॅपटॉपवर स्वतःचा जीमेल आणि जिरात कंपनीचा, तर वेळ किंवा शेरा नोंदला जात नाही. टिकिटाच्या नंबरातली अक्षरंही कॅपिटलच हवीत.

उलटा प्रकार जास्त त्रासाचा. पुल रिक्वेस्टच्या (मर्जच्या विनंतीच्या) वर्णनात ‘धिस डझ नॉट फिक्स #२१४’ लिहिलं तरी गिटहबला त्यातलं ‘फिक्स #२१४’ तेवढं दिसतं, आणि मर्ज झाल्यावर तो इश्यू बंद करतो. तपासणी बाकी असलेलं काम बोर्डवर ‘डन’ होऊन बसतं, आणि टेस्टरला विचारलं तर मालवणहून उत्तर येतं, “माका काय म्हायत, बोर्डार तर डन दिसता!” टेस्टिंग बाकी असेल तर ‘फिक्सेस’ टाळा, नुसता नंबर द्या.

यादी जुनी आहे हे न ओळखणं

एडिटरमधली यादी ठरावीक वेळाने ताजी होते आणि मधल्या वेळात साठवलेली प्रत दाखवते. रेंज गेली, व्हीपीएन तुटलं किंवा टोकनची (पासवर्डऐवजी वापरायच्या किल्लीची) मुदत संपली तरी काल उतरलेली टिकिटं दिसत राहतात. नवं टिकीट येईना किंवा बदललेली स्थिती दिसेना, तर सेटिंग्जमध्ये जाऊन आधी कनेक्शनची चाचणी घ्या. गिटहबने गिटच्या कामासाठी पासवर्ड घेणं १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केलं आहे. जिरा क्लाउडलाही पासवर्डच्या जागी एपीआय टोकन लागतं आणि युजरनेममध्ये पूर्ण ईमेल. टोकन कधी संपणार ते कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. नेट मंद असेल तर टाइमआउट वाढवा.

आणि टोकन प्रोजेक्टच्या सेटिंग्ज फाइलमध्ये लिहू नका, ती फाइल कमिट होते. एकदा पुश झालेलं टोकन नुसती ओळ खोडून सुरक्षित होत नाही. ते रद्द करून नवंच काढावं लागतं.

सुट्टीवर जाताना सगळं लॅपटॉपमध्येच ठेवून जाणं

इंटेलिजेची चेंजलिस्ट ‘वर्कस्पेस डॉट एक्सएमएल’मध्ये असते आणि ती फाइल सहसा कमिट करत नाहीत. मायलिनची माहिती वर्कस्पेसच्या मेटाडेटा फोल्डरमध्ये. शेल्व्ह, स्टॅश, उघडे टॅब, सगळंच त्या एका मशीनवर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी बाकीच्या टीमच्या हाती लागतं ते फक्त पुश केलेलं आणि टिकिटात लिहिलेलं.

वादळ काही दरवर्षी येत नाही, गणपती मात्र येतात. कोकणातला डेव्हलपर घरच्या गणपतीत आणि मुंबई-पुण्यातला अर्धा स्टाफ गावच्या गाडीत, अशी अवस्था दरवर्षीची. ‘काम चालू आहे’ एवढं लिहून गेलेल्या माणसाला आरतीच्या मधोमध फोन येणारच. त्याऐवजी टिकिटात असं काहीतरी लिहा:

“ब्रँच पुश केली आहे, शेवटचा कमिट अपूर्ण आहे. पेटीचा भाव पूर्ण, तपासून झाला. कूपनचा हिशेब होतो, पण एका ऑर्डरवर दोन कूपन लागतात, ते अडवायचं बाकी. त्याची चाचणी लिहिली आहे, मुद्दाम बंद ठेवली आहे. चालवण्यासाठी एन्व्ह फाइलमध्ये कूपनची नवी ओळ लागेल, नमुना फाइलमध्ये टाकली आहे. गौरी विसर्जनापर्यंत लाइव्ह करू नका.”

हे लिहून झालं की दुसऱ्या फोल्डरमध्ये नवा क्लोन घ्या आणि फक्त या मजकुरावरून प्रोजेक्ट चालतोय का ते एकदा बघा. जिथे अडाल तिथलं वाक्य टिकिटात वाढवा आणि मग मशीन बंद करा.