चौथऱ्यावरचं प्रशिक्षण विमान टिकवायचं कसं

शाळेच्या आवारात, एनसीसीच्या मैदानावर किंवा चौकातल्या चौथऱ्यावर हवाई दलाचं निवृत्त प्रशिक्षण विमान उभं असतं. त्याची देखभाल म्हणजे बऱ्याच ठिकाणी २६ जानेवारी जवळ आली की वरून एनॅमलचा एक हात मारायचा, एवढंच. अशाने विमान टिकत नाही. ते आतून सडतं. पंखाच्या पोटात आणि शेपटीकडच्या खोलगट भागात पाणी साचतं, आणि रंगाचा प्रत्येक नवा थर त्या पाण्याची बाहेर पडायची वाट बुजवतो. म्हणून आधी पाण्याचा बंदोबस्त, मग गंजाचा, आणि रंग सगळ्यात शेवटी.

आपलं विमान कोणत्या जातीचं, यावर बरंच काही ठरतं. टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाचे पंख लाकूड आणि कापडाचे. ते एक पावसाळाही उघड्यावर ठेवू नये. हार्वर्ड या दुसऱ्या जुन्या विमानाचा सांगाडा धातूचा असला तरी एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर (पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) कापडाने मढवलेले असतात, म्हणून त्यालाही छप्पर हवंच. इथे मुख्यतः धातूच्या भारतीय विमानांबद्दल लिहिलं आहे: १९५१मध्ये पहिल्यांदा उडालेलं एचटी-२, १९६४चं किरण आणि १९७७चं दीपक. एचटी-२ची रचना डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाली. कोल्हापूरकडच्या या माणसाचं नाव त्या विमानाशेजारच्या फलकावर असायलाच हवं.

हात लावण्याआधी

किरणमध्ये मार्टिन-बेकर कंपनीच्या इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या, असतात. सीट आणि कॅनॉपीमधली (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणातली) सगळी स्फोटक काडतुसं काढल्याचा लेखी दाखला हातात असल्याशिवाय कॉकपिटमध्ये कुणीही चढू नये. दाखला नसेल तर विमान ज्यांनी दिलं त्यांना पत्र पाठवा आणि उत्तर येईपर्यंत कॉकपिट बंद ठेवा. ऑक्सिजनच्या बाटल्या, अग्निशामक बाटल्या, हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी टाकी) आणि चाकांच्या ओलिओमध्ये (धक्के झेलणाऱ्या दांड्यात) वर्षानुवर्षं दाब टिकून राहू शकतो. दाब सोडल्याशिवाय तिथला एकही नट सैल करायचा नाही.

कॉकपिटमधल्या जुन्या मापकांच्या तबकड्यांवरच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. आकडे अंधारात चमकत नाहीत म्हणून धोका टळला, असं समजू नका. चमकणारं रसायन थकतं, पण रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. गायगर काउंटरने (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राने) मोजा. काच फोडू नका, आकडे खरवडू नका. बंद कॉकपिट उघडल्यावर थोडा वेळ वारा खेळू द्या आणि मगच आत वाका. पत्र्यावरचा पिवळट-हिरवट प्रायमर बहुधा क्रोमेटचा असतो आणि त्याची धूळ कर्करोगकारक आहे. तो कधीही कोरडा घासू नये. पाणी लावूनच घासायचा, तोंडावर पी-१०० दर्जाचा मास्क असावा, आणि निघालेला चिखल गटारात न सोडता डब्यात जमा करायचा.

पाणी बाहेर काढा

पंख, शेपूट आणि फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) तळाला कारखान्यातच पाडलेली निचऱ्याची भोकं असतात. खाली झोपून टॉर्चच्या उजेडात ती एकेक शोधा. निम्मी रंगाने, उरलेली माती आणि कुंभारमाशीच्या घराने बुजलेली सापडतील. नायलॉनच्या किंवा बांबूच्या काडीनेच मोकळी करा; लोखंडी तार कडेचा रंग खरवडते आणि गंज तिथूनच सुरू होतो. नंतर वरून मगभर पाणी सोडून पाहा. ते खालच्या भोकातून लगेच वाहिलं पाहिजे. चौथऱ्यावर विमान नाक वर करून बसवलं असेल तर पाण्याचा उतार बदलतो आणि मूळ भोकं सगळ्यात खालच्या जागी राहत नाहीत. अशा वेळी नव्या सखल जागी, रिबपासून (पंखातल्या आडव्या फासळीपासून) दूर, ६ मिमीचं भोक पाडून कडेला प्रायमर लावा. मूळ वस्तूत बदल करताना हात आखडतो, ते योग्यच आहे. पण हा बदल नोंद करून करावाच, कारण तो टाळला तर पुढे अख्खा पत्राच बदलावा लागतो.

हवा घेण्याचं तोंड आणि एग्झॉस्ट प्लायवूडने ठोकून बंद करू नका, आत दमट हवा कोंडते. नायलॉनची १२ मिमीची जाळी लावा. कबुतरांची विष्ठा रंग आणि धातू दोन्ही खाते; दिसली की त्याच आठवड्यात धुवा.

धुण्यासाठी सौम्य, उदासीन पीएचचा साबण आणि भरपूर गोडं पाणी वापरा. साबण खालून वर लावत जायचा, म्हणजे कोरड्या मळक्या पत्र्यावर ओघळांचे डाग पडत नाहीत. खळबळायचं मात्र वरून खाली. प्रेशर वॉशर नको, तो सांध्यांत पाणी घुसवतो. कोकण किनाऱ्यावर हे दर महिन्याला करावं, कारण क्षार साचून राहतात. देशावर वर्षातून तीनदा पुरतं, त्यातलं एक मे महिन्यात, निचऱ्याच्या भोकांच्या तपासणीसह.

गंज वाचायचा कसा

अॅल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाला बारीक फुगवटा येतो; नखाने दाबला की कुरकुरतो आणि फुटला की आतून पांढरी भुकटी निघते. दोन पत्रे एकमेकांवर येतात तो सांधा लाटेसारखा फुगलेला दिसला, तर आत गंज साठून पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो आहे. स्पारच्या (पंखाच्या मुख्य तुळईच्या) जाड पट्टीच्या कडेला पानांसारखे थर सुटलेले दिसले तर ते सगळ्यात वाईट. तिथे घासून भागत नाही. भार पेलण्याची ताकद गेलेली असते, आणि जाणकाराने पाहीपर्यंत त्या पंखाला खालून आधार द्यावा.

पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. ०.८ मिमी जाडीच्या पत्र्यावर तो प्रत्येक बाजूला जेमतेम ०.०४ मिमी भरतो, आणि खालचा मिश्रधातू त्याच्याच जिवावर टिकतो. बफिंग मशिनने चकाकी आणण्याच्या नादात हे कवच निघून जातं. स्टीलवूल आणि तारेचा ब्रशही वर्ज्य: लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा खड्डा पडतो. नायलॉनचं स्कॉचब्राइट आणि पाणी पुरतं. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम चक्क विरघळवतो, त्यामुळे रंग काढायला तो कुणी सुचवला तर थांबवा. तेच फरशी धुण्याच्या अॅसिडबद्दल.

बोल्ट बदलताना हाताशी आलेला पितळी किंवा साधा लोखंडी बोल्ट ठोकू नका. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आली की अॅल्युमिनियम आधी झिजतं. कॅडमियमचा मुलामा असलेला बोल्ट घ्या आणि ओल्या प्रायमरमध्ये बुडवून बसवा.

रंग

आधी जुने थर वाचून घ्या. नंबर, चक्र (हवाई दलाचं तिरंगी गोल चिन्ह) किंवा सूचनांच्या पाट्यांजवळ रुपयाच्या नाण्याएवढी जागा ६००, मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हळूहळू घासा. झाडाच्या वाढीच्या वलयांसारखे रंगाचे गोल उमटतात. मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. मूळ छटा, जुना नंबर, स्क्वाड्रनचं चिन्ह बहुधा इथेच सापडतं. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या पथकाची लाल-पांढरी रंगसंगती सुंदर आहे, पण पथकाने १९९६ ते २०११ वापरलं ते किरण मार्क २ होतं. मार्क १ला ती चढवणं चूक. चक्रात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, केंद्रात हिरवा.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी. सकाळी दव वाळल्यावर सुरू करा. पत्रा हाताला चटका देऊ लागला की थांबा, कारण थिनर हवेतच उडून पृष्ठभाग खरखरीत होतो. इपॉक्सी प्रायमरचा सुका थर १५ ते २५ मायक्रॉन, वर पॉलियुरेथेन ५० ते ७५. एनॅमल उन्हात दोन-तीन वर्षांत खडूसारखा होतो. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याला साधा मास्क चालत नाही; बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा.

कॅनॉपी

कॅनॉपीच्या पर्स्पेक्सला (काचेसारख्या प्लास्टिकला) पेट्रोल, थिनर, स्पिरिट किंवा काच पुसायचं अमोनियावालं द्रावण लागलं की आत बारीक भेगांचं जाळं उमटतं आणि ते जात नाही. भरपूर पाणी ओता, उघड्या हाताने कचकच तपासत धूळ सोडवा आणि मऊ सुती कापडाने सरळ रेषेत टिपा. पांढरं सुती आच्छादन वापरा. प्लास्टिकची ताडपत्री घाम धरते आणि वाऱ्याने घासून पर्स्पेक्स धुरकट करते.

वारा, चाकं, इंजिन

दीपकचं पंख-क्षेत्र सुमारे १५ चौरस मीटर. ताशी १०० किमीचा वारा समोरून आला आणि विमान नाक वर करून बसवलेलं असेल, तर पंखावर साधारण ७०० किलोइतका उचलणारा जोर येऊ शकतो. दीपकचं रिकामं वजन ९०० किलोच्या आसपास, तेही इंजिनासह. इंजिन काढलेलं असेल तर वळवाच्या वादळात त्याला फक्त नांगरच (विमान जमिनीला बांधून ठेवणारे खिळे) धरून ठेवतात. ते आणि त्यांच्या कड्या दरवर्षी तपासा. दीपकचं इंजिन नाकात असल्याने ते काढल्यावर शेपूट खाली बसते. इंजिनाच्या माउंटवर रंगवलेल्या लोखंडी पट्ट्यांचं वजन द्या. वाळूच्या पिशव्या नकोत, त्या ओल धरतात. एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर लॉक करा, नाहीतर वाऱ्यात आपटून बिजागऱ्या तुटतात.

भार टायरवर नको. ठरलेल्या जॅकिंग पॉइंटखाली (विमान जॅकने उचलायच्या जागी) टेकू द्या आणि मध्ये रबराची गादी ठेवा. ओलं लाकूड थेट अॅल्युमिनियमला लागू देऊ नका.

हार्वर्डच्या गोल इंजिनात तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. खालचे प्लग न काढता पंखा (प्रोपेलर) जोराने फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. कोणत्याही पिस्टन इंजिनाचा पंखा पाहुण्यांना फिरवू देऊ नका: मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची) अर्थिंगची तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते.

आठवणी

विमानाचा नंबर फलकावरून घेऊ नका, आतल्या पाटीवरून घ्या. एका विमानाचं दार दुसऱ्याला लागलेलं असणं नेहमीचंच; प्रत्येक भागावरचा नंबर वेगळा टिपा. ज्यांनी यावर शिकवलं, शिकलं आणि ज्यांनी ते दुरुस्त केलं, त्यांच्याकडे कॉकपिटचे मोठे छापील फोटो घेऊन जा. ‘आठवणी सांगा’ म्हटलं की भाषण मिळतं. ‘इंजिन सुरू करताना डावा हात आधी कुठे जायचा?’, ‘कोणतं पॅनल काढायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा?’ असं विचारलं की हात आपोआप फोटोवर फिरू लागतात. म्हणून व्हिडिओत हात दिसले पाहिजेत. तंत्रज्ञांना वगळू नका. हा भाग कुठे तडकायचा, हे वैमानिकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं आणि तीच माहिती तुम्हाला उद्या गंज शोधायला लागते. खोलीतला पंखा बंद, कॉलरचा माइक, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्ह फाइल, एका बैठकीला दीड तासाच्या वर नाही, आणि वापराची लेखी परवानगी. फाइलच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. लॉगबुकच्या पानांच्या पिना काढा, स्कॅन करा, आम्लरहित कागदात ठेवा. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही.